मधल्या थरातले धागे

घरात तिला सगळे दगडांची डॉक्टर म्हणत. मॅग्नेशियम सिलिकेटची खनिजं किती उष्णतेला टिकतात, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यातलंच एक खनिज म्हणजे जुन्या छपरांच्या पत्र्यांमधले ॲस्बेस्टॉसचे धागे. ते फुफ्फुसात गेले की जिवावर बेततं. पुरेसे तापवले की मात्र मोडतात आणि निरुपद्रवी होतात. तिच्या या शोधावर विसंबून धाकट्या भावाने असे पत्रे तापवायची भट्टी उभारली होती.

आज तापवलेल्या पत्र्यांचे पहिले तुकडे शाळेच्या मैदानात भरावाला जायचे होते. ट्रक भरून उभा होता. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती आणि भाऊ मागे येरझाऱ्या घालत होता.

“ताई, बोल ना काहीतरी.”

तिने नमुना बदलून पुन्हा पाहिलं. “भट्टीत रचलेल्या वरच्या थरातलं सगळं मोडलंय. मधल्या थरात धागे शाबूत आहेत. तिथवर आच पोचलीच नाही.”

“किती आहेत?”

“थोडेच. पण आहेत.”

“तुझ्याच भरवशावर उडी घेतली मी,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “एवढ्या वेळेपुरती डोळेझाक कर.”

ती त्याच्याकडे वळली. “ट्रक गेला, तर मी स्वतः शाळेत जाऊन सांगेन.”

तो दार आपटून बाहेर गेला. इंजिन सुरू झालं तशी ती ताडकन उठली. तिने खिडकीतून पाहिलं, तर ट्रक मागे मागे भट्टीकडेच सरकत होता.

तुकडे पातळ थरात रचून त्याने पुन्हा तापवले. पुढे कितीतरी दिवस भावाने अबोला धरला. नमुने मात्र तो न चुकता तिच्या टेबलावर आणून ठेवायचा.