तुटक म्हणजे काय, हे ताईनं शिकवलं

'तुटक' या शब्दाचा अर्थ मी कारंज्याच्या शाळेत पंधरा वर्षांपासून शिकवतो. मला तो कळला यंदाच्या उन्हाळ्यात, ताईनं फोनवर सहा वेळा 'बरं' म्हटलं तेव्हा.

झालं असं, की माझा फोन भरला होता. म्हणून रविवारी साफसफाईला बसलो आणि जिथून जास्त मेसेज येत होते, ते ग्रुप धडाधड सोडत सुटलो. त्यात भाचीच्या लग्नाचाही ग्रुप गेला. (मागाहून परत घुसता येतं, अशी माझी समजूत.)

आता नशीब बघा. दहाच मिनिटं आधी भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, त्या ग्रुपवर लग्नपत्रिका टाकली होती. तिच्यात मामांच्या यादीत चुलतभावाचं नाव पहिलं आणि सख्ख्या मामाचं, म्हणजे माझं, दुसरं. पत्रिका आली आणि मामा गेला. आमच्या वऱ्हाडात याचा अर्थ लावायला शब्दकोश लागत नाही.

बायको फोन हातात घेऊनच बाहेर आली.

"अहो, तुमी रुसले का?"

"कोणावर?"

"मले काय माहीत? सारे सोयरे इचारून राह्यले. नाव खाली छापलं म्हणून मामा लग्नाले येत नाई म्हणते."

मी घाबरून मेडशीला ताईला फोन लावला.

"ताई, मी रुसलो नाही गं."

"बरं."

"फोन भरला होता."

"बरं."

"लग्नाला येतोय ना मी."

"बरं."

एरवी माझी ताई भेंडीच्या भाजीवर अर्धा तास बोलते. सहाव्या 'बरं'नंतर तिनं फोन ठेवला. हळदीला पाच दिवस उरले होते. आईबाबा गेल्यापासून ताईचं माहेर म्हणजे मी एकटा, आणि ते माहेर फोन साफ करताना उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून मेडशी गाठली. ओसरीवर भाऊजी होते.

"या," म्हणाले. "नव्या पत्रिका छापाले टाकल्या. तुमचं नाव वर घेतलं."

"अहो, पण मी ती पत्रिका पाहिलीच नाही!"

दारात ताई उभी होती. मी फोन तिच्यापुढे धरला. फोनमध्ये जागा नसल्यानं पत्रिका त्या सोडलेल्या ग्रुपवर नुसती धूसर दिसत होती, उघडलेली नव्हती.

ताईनं फोन पाहिला, मग मला पाहिलं.

"म्हंजे तू पत्रिका उघडलीच नाई?"

"नाही ना."

"काहून रे? सख्ख्या भाचीची पत्रिका! येवढा मास्तर झाला, अन उघडून नाई पाह्यली? मी इथं कालपासून रडून राह्यली. मंडपात पोरीच्या मागं मामा म्हनून कोन उभं राहीन, याचाच घोर..."

ताई पाऊण तास बोलली. मधे एकदाही 'बरं' आलं नाही. इतक्या समाधानानं मी जन्मात बोलणी खाल्ली नव्हती. शेवटी ती रडतच पोळ्या टाकायला गेली आणि मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

मंडपात मीच उभा राहिलो. ताईनं मला ग्रुपवर परत घेतलं, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक मेसेजला मी उत्तर देतो. सकाळी शुभ सकाळ, रात्री शुभ रात्री, कुणी सोयाबीनचा फोटो टाकला तर 'वा, वा'.

परवा भाऊजीच ग्रुप सोडून गेले. मी काळजीनं फोन केला.

"भाऊजी, काही चुकलं का माझं?"

"नाई हो. तुमच्या मेसेजनं फोन भरला."

मी म्हटलं, "बरं."