डाव्या चाकाचं म्हणणं

माणसं तक्रार रागाने करतात; आमच्या नणंदेचे यजमान ती प्रेमाने करतात. आपल्या पिकअपचं स्टिअरिंग डावीकडे ओढतं, एवढी एक गोष्ट सांगायला ज्याला फुलस्केपची साडेचार पानं लागतात, आणि ती वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला गाडीबद्दल काही कळत नाही पण उगाच कुठेतरी लांब जाऊन यावंसं वाटतं, असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. शिरपूरकडून सुरतेला आले ते मागावर काम करायला. वीस वर्षं माग चालवला, मग तो सोडून पिकअप घेतली. भेस्तानच्या कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे, चलथाणच्या बाजूला रंगाईच्या मिलमध्ये टाकायचे आणि रंगवलेले ताके घेऊन परत यायचं, हा त्यांचा धंदा. धंदा आपण म्हणायचा. ते त्याला ‘जाऊन येणं’ म्हणतात, आणि कोणी ‘काय घेऊन आलात?’ असं विचारलं तर ताक्यांच्या आधी आभाळाचा रंग सांगतात.

गाडी नवीकोरी घेतली होती. चार-पाच महिने ती शहाण्यासारखी चालली आणि मग डावीकडे ओढू लागली. रोज नाही, सदा नाही. मनात येईल तेव्हा. स्टिअरिंग एकदम जड व्हायचं, पुढच्या डाव्या चाकातून तीनदा टकटक व्हायची आणि गाडी रस्त्याच्या कडेला अशी सरकायची, जणू तिथे कोणी ओळखीचं उभं आहे. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. भाऊजीही घाबरले, पण त्यांची घाबरण्याची पद्धत निराळी. ते ऐकू लागले. गाडी इतकी सावकाश हाकू लागले की सायकलवाले पुढे गेल्यावर काळजीने मागे वळून बघत. एका रविवारी सकाळी तर माझा नवरा गाडी चालवतो आहे आणि भाऊजी डाव्या चाकाच्या बाजूने, मान तिरकी करून, पायी चालताहेत, असा देखावा आमच्या सगळ्या डिंडोली वस्तीने पाहिला. माणसाच्या चालीने गाडी, गाडीमागे दोन रिक्षा, रिक्षांमागे एक टेम्पो, आणि टेम्पोमागे, ही कोणाची तरी अंत्ययात्रा असावी अशा समजुतीने टोपी काढून चालणारे एक म्हातारबाबा. पुलापर्यंत जाऊन सगळे परत आले. काय कळलं, म्हणून मी विचारलं. भाऊजी म्हणाले, “रिकामी राहिनी का ती बोलस नही, वहिनी.” गाडी रिकामी असली की बोलत नाही, हे मला उत्तर वाटलं नाही. मी पोहे केले होते, ते गार होत होते.

त्यानंतर त्यांची नजर जगातल्या प्रत्येक चाकावर बसली. भाजीची हातगाडी, शिंप्याचं मशीन, शेजारच्या बाळाची बाबागाडी, सगळ्यांची चाल त्यांनी तपासून दिली. पुतणीच्या लग्नात शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, आणि मुलीचे काका कुठे म्हणून शोधाशोध झाली तर ते मांडवाबाहेर, फुलांनी मढवलेल्या मोटारीखाली आडवे. बाहेर आले तेव्हा अक्षता मुठीतच होत्या. वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांनी त्या चाकावरच टाकल्या आणि वरबापाला नम्रपणे सांगितलं की तुमच्या गाडीचे दोन नट ढिले आहेत. वरबाप भयंकर रागावले. पाना आणला, तर दोन नट खरंच ढिले होते. त्यामुळे ते आणखी रागावले.

भेस्तानच्या नाक्यावर चहाची एक टपरी आहे. तिथे त्यांच्यासारखीच पिकअप असलेले चार-सहा मालक जमत, आणि हळूहळू कळलं की डावीकडे बघण्याची खोड फक्त भाऊजींच्या गाडीला नाही. मग तिथे रोज दुपारी तक्रारी ऐकणं सुरू झालं. भाऊजी डोळे मिटून बसायचे, वैद्यबुवा नाडी बघतात तसे, आणि विचारायचे: तेव्हा ऊन कोणत्या गालावर होतं? वास कसला येत होता? माल कोणत्या अंगाला होता? मनात काय चाललं होतं? एक दूधवाला सुरती गृहस्थ कंटाळून म्हणाला, “काका, गाडी बगडी छे, मारी कुंडली नहीं.” भाऊजी डोळे न उघडता म्हणाले, “ते नंतर पाहू.”

हे सगळं ते लिहून काढत, आणि लिहिलेलं माझ्याकडे येई. मी एका साडी-पॅकिंगच्या युनिटमध्ये डिस्पॅच सांभाळते. कोणतं पार्सल, कुठे, कोणत्या गाडीने, किती वाजता, हे ठरवण्यात माझा दिवस जातो, आणि घरीही माझ्या वहीत क्रमांक घातल्याशिवाय एक काम होत नाही. तेव्हा कंपनीला पाठवायचं पत्र ‘जरा नीट करून’ देण्याचं काम माझ्याकडे येणं साहजिक होतं. पत्रात असं असे: ‘चलथाणकडून येताना ताके सगळे डाव्या अंगाला रचतो, कारण उजवीकडची दोर बांधायची कडी तुटलेली आहे. उसाचा वास संपतो आणि निलगिरीची सावली सुरू होते तिथे उतार आहे. तिथे मी ब्रेकवर पाय ठेवतो, नुसता ठेवतो, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा. मग रस्ता उजवीकडे वळतो, आणि नेमकी त्याच वेळी ती डावीकडे बघते.’ याच्यापुढे ऊस, बगळे, आणि कालव्याच्या पाण्यात दिसणारी विजेची तार, यांवर दोन पानं. मी हे सगळं वाचायची, चष्मा पुसायची आणि लिहायची: एक, स्टिअरिंग डावीकडे ओढते. दोन, पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतो. तीन, कृपया तपासावे. आणि माझ्या वहीत वेगळं टिपून ठेवायची: भाऊजींना कडी बदलायला सांगणे. भाऊजी माझे तीन मुद्दे दोनदा वाचत आणि आदराने म्हणत, “सुंदर शे, वहिनी. पन ह्याच्यात रस्ता कुठे शे?”

कंपनीच्या वर्कशॉपमधला माणूस गाडी घ्यायचा, रिकामी, हायवेवर सरळ नेऊन सरळ परत आणायचा आणि लिहून द्यायचा: दोष आढळला नाही. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने एक ओळ जास्त लिहिली. ‘वाहन निर्दोष. चालकाच्या हाताळणीमुळे तसे जाणवत असावे.’

ती ओळ नणंदबाईंनी वाचली आणि त्या दिवसापासून त्या गाडीकडे बघेनाशा झाल्या. त्या भाऊजींच्या हातांकडे बघू लागल्या. वाढताना बघत, पेपर वाचताना बघत. भाऊजी भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. शेवटी नणंदबाईंनी निकाल दिला: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गाडी विकायची, मागाच्या कारखान्यावर राखणदाराची खुर्ची रिकामी आहे तिच्यावर बसायचं, आणि त्याआधी हात डॉक्टरला दाखवायचे. भाऊजी कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. “पहिले गाडीले तपासा, मंग माले,” ते म्हणाले. आणि विकण्याचं म्हणाल तर, “ज्याले विकू, तो कोनाचा तरी बाप नही का?”

नणंदबाई आत गेल्या. भाऊजींनी मग मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या कुठल्याच पत्रात नव्हती. त्यांचे वडीलही इथेच मागावर होते. साठीच्या अलीकडेच त्यांच्या बोटांना कंप सुटला, तुटलेला धागा जोडता येईना, आणि भाऊजी शेजारच्या मागावरून रोज ते बघत. “चाक शे का हात शे,” भाऊजी म्हणाले, “एवढंच माले कोनी सांगा.”

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, मग लेकीचे केस पिकलेले का असेनात. मीही आठ दिवस धुळ्याकडे गेले. झोके, आमरस, पुरणपोळी. जाताना घरासाठी अकरा सूचना लिहून फ्रिजवर लावल्या. त्यातली नववी भाऊजींसाठी होती: मी आल्याशिवाय पत्र पाठवू नये. परत आले तर पत्र गेलेलं. तेही वर्कशॉपला नाही, थेट कंपनीच्या मोठ्या ऑफिसला, आणि नऊ पानांचं. कारण टपरीवरच्या सगळ्यांची ऊन-सावली त्यात घातली होती. मी खूप बोलले. तीन मुद्दे जिथे कोणी वाचले नाहीत तिथे नऊ पानं कोण वाचणार, असं म्हणाले. ते निवांतपणे म्हणाले, “तुम्ही नव्हत्या. मंग कापणार कोन?”

आठवड्याभरात एक इंजिनिअर बाई दारात उभ्या. चाळिशीच्या, मराठी, सुती साडी, हातात ती नऊ पानं, आणि पानोपानी पेन्सिलीच्या रेघा. त्यांनी पाणीसुद्धा नंतर घेतलं. आधी विचारलं, “उजवीकडची कडी अजून तुटलेलीच आहे ना?”

“तुटलेलीच शे,” भाऊजी अपराध्यासारखे म्हणाले. वर्षभर माझ्या वहीत असलेलं काम.

“फार बरं केलंत,” बाई म्हणाल्या.

मिलमधून ताके घेतले, सगळे डाव्या अंगाला रचले. भाऊजी स्टिअरिंगवर, बाई खिडकीशी, मी मध्ये. बाई पत्र मांडीवर घेऊन बसल्या आणि पोथी वाचावी तशी एकेक ओळ वाचू लागल्या, आणि गाडी त्या ओळीतून चालू लागली. खरंच उसाचा वास होता. खरंच कालव्यात ती तार होती, आणि पाणी हललं की तीही हलत होती. या रस्त्याने माझी किती पार्सलं गेली असतील. मी तो पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, हा असाच चालू राहावा, उतार येऊच नये. पण बाई म्हणाल्या, “निलगिरी,” आणि सावली आमच्या अंगावर आली. भाऊजींचा पाय ब्रेकवर टेकला, नुसता टेकला. रस्ता उजवीकडे वळला. टक, टक, टक. स्टिअरिंग त्यांच्या हातात एकदम गच्च झालं, गाडी डावीकडे सरकली, पेन्सिल खाली पडली. भाऊजींनी गाडीला चुचकारत कडेला घेतलं आणि थांबवलं.

“आयकं का?” त्यांनी विचारलं.

“ऐकलं,” बाई म्हणाल्या. “हे तुमचे हात नाहीत.”

भाऊजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसले.

चाक खोललं तेव्हा स्टिअरिंगच्या जोडाला केसाएवढी चीर निघाली. ओझं डावीकडे, उतार, हलका ब्रेक आणि उजवं वळण, एवढं जुळलं की ती उघडायची. रिकाम्या गाडीत, सरळ रस्त्यावर, मिटलेली राहायची. आज ओझ्याने बोलली, उद्या रिकाम्या गाडीतही जोड तुटला असता, असं बाई म्हणाल्या. दूधवाल्याचे कॅन डावीकडे होते, हेही त्यांनी पानावर रेघ मारून ठेवलं होतं. त्या घडणीचे जोड असलेल्या सगळ्या गाड्यांना कंपनीचं बोलावणं गेलं. दूधवाल्याने टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि आता आपली कुंडलीही काकांनी बघावी असा आग्रह धरला. त्या दिवशी नणंदबाईंनी भाऊजींचं ताट भिंतीपासून फिरवून आपल्या समोर मांडलं. मी माझे जुने तीन मुद्दे काढून पुन्हा वाचले. त्यात एकही चूक नव्हती, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी गाडी आणायला भाऊजी आणि मी गेलो. वर्कशॉपच्या अंगणात ती धुऊनपुसून उभी होती, चाकांना दगड लावलेले. एका कागदावर सही हवी होती: गाडी मिळाली, तक्रार मिटली. भाऊजींनी कागद बॉनेटवर ठेवला आणि पेन टेकवलं. त्यांचं अक्षर बारीक, गोल, मण्यांसारखं. पहिलं अक्षर तसंच आलं. दुसऱ्याला पेन थरथरलं. त्यांनी ते उचललं, जरा थांबले, पुन्हा टेकवलं. पुन्हा तसंच.

“गाडी त उभी शे, वहिनी,” ते हळूच म्हणाले.

वैशाखातली सुरत, दुपारचा एक. त्या बॉनेटवर पापड भाजला गेला असता.

“आज जरा गारठा आहे, भाऊजी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऊन कोणत्या गालावर होतं हे ज्याला वर्षभर आठवतं, त्या माणसाने मान हलवली. “हां,” ते म्हणाले, “शे थोडासा.” आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही पुरी केली. मग किल्ली, कोणी न सांगता, वर्कशॉपच्या माणसाच्या हातात दिली आणि त्याला घरापर्यंत चालवायला सांगितलं.

गाडी तपासून झाली होती. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन डॉक्टरकडे गेले. नणंदबाई बरोबर होत्या. गोळ्या चालू आहेत. गाडी विकली नाही. शिरपूरकडचाच एक ओळखीचा माणूस ती चालवतो, आणि भाऊजी डावीकडच्या सीटवर बसतात, काच खाली करून. सकाळी मी युनिटच्या दारात उभी असते तेव्हा गाडी समोरून जाते, अगदी सरळ. खिडकीबाहेर काढलेला त्यांचा हात हलत असतो. मी पार्सलं मोजणं थांबवून माझा वर करते, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्हा दोघांचे हात हलत राहतात.