नलूवहिनींच्या टाकीचं विरजण

नलूवहिनींनी सुरुवातीला इतके मासे मारले की टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत तितके कुणी खाल्लेसुद्धा नसतील.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. हार घातलेला फोटो टाकणार नाही. त्यांना आवडला नसता. त्यापेक्षा ही गोष्ट वाचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलेलो, त्या अमळनेरहून. दोघींचे नवरे जवळच्या सायली गावातल्या एकाच फॅक्टरीत, शिफ्ट ड्यूटीवर. दारं समोरासमोर.

फॅक्टरीतले एक मुंबईचे मॅनेजर बदली होऊन गेले आणि जाताना मासे पाळायची काचेची टाकी मागे ठेवून गेले. रिकामी. भाऊजींनी ती उचलून घरी आणली.

वहिनी बी.एस्सी. झालेल्या. इथे नोकरी नाही, गुजराती येत नाही, ओळखीचं कुणी नाही.

मला म्हणाल्या, "सुमन, या गावात माझी म्हणावी अशी ही पहिली वस्तू."

वापीहून पिशवीत पाणी भरून मासे आले. आठवडाभरात गेले.

पुन्हा आणले. पुन्हा गेले.

बरं, काळजीत कमी म्हणावी तर तसंही नाही. दर रविवारी टाकी अंगणात यायची. तळातले खडे उकळत्या पाण्याने धुवायचे, काच घासून लख्ख, पाणी सगळंच्या सगळं नवं. देवाची भांडी कुणी इतक्या मनापासून घासत नसेल.

मासा मेला की वहिनी त्याला बशीत घेऊन बसायच्या.

"पोट भरलेलं आहे. जखम नाही. मग का मेला?"

"आयुष्य संपलं असेल त्याचं," मी म्हणायचे.

"असं काही नसतं गं. कारण असतंच."

मला तेव्हा वाटायचं, या बाईला दुसरा उद्योग नाही. खरंच नव्हता म्हणा.

त्यांच्या सासूबाई, आम्हा सगळ्यांच्या माई, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या. एक दिवस त्यांचा पारा चढला.

"घरात जीव मरताहेत वं बई. आता एक जरी मेला ना, त्या पेटीत मी तांदूळ भरीन."

माई बोलल्या म्हणजे तांदूळ भरणारच. वहिनींच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी बघितलं ते त्या दिवशी. एरवी हसत्या बाई.

त्याच आठवड्यात माईंना ताप आला म्हणून आम्ही दोघी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाकाशेजारी एक टाकी. काचेवर हिरवं शेवाळ, तळाला गाळ. आणि मासे? मस्त गरगरीत, मजेत फिरताहेत.

वहिनी माईंना विसरल्या आणि टाकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

कंपाउंडरला विचारलं, "कधी साफ करता?"

तो हसला. "टाइम कोने छे, बेन? पाणी कमी झालं की थोडं ओततो, बस."

घरी येईपर्यंत वहिनींच्या डोक्यात एकच. घाणीत जगतात आणि माझ्याकडे स्वच्छ पाण्यात मरतात. का?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वाटी घेऊन माझ्या दारात. मांजराने दही फस्त केलं होतं, विरजण हवं होतं. मी चमचाभर घातलं. वाटी हातात घेऊन बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"सुमन, भांडं लख्ख घासलं, दूध चांगलं घेतलं, पण विरजणच नाही घातलं तर?"

"तर दही कसं लागेल?"

"मग माझ्या टाकीला विरजण कुठंय?"

मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं.

पण त्या बोलत सुटल्या. घाण साफ करणारे जंतू असणार पाण्यात. डोळ्यांना न दिसणारे, खड्यांना चिकटून राहणारे. कॉलेजात शिकलेलं सगळं बाहेर यायला लागलं. "आणि मी दर रविवारी त्यांनाच उकळून मारतेय गं."

दुपारी डॉक्टरांच्या टाकीतले मूठभर घाणेरडे खडे पिशवीतून घरी आले. माईंनी नाकाला पदर लावला.

खडे टाकीत गेले. मग काळ्या मॉली माशांची एक जोडी आली. रविवार आला आणि वहिनींनी टाकीला हात लावला नाही. हात शिवशिवत होते, मला दिसत होतं.

मासे जगले.

सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल तर माईंच्या. सकाळी उठून देवाआधी टाकीत डोकावायला लागल्या होत्या. एक दिवस त्यांनीच हाक मारली, "नलू, ये वं इकडे. हिला पिल्लं झालीत."

तांदळाचा विषय तिथेच संपला.

मग काय, कॉलनीला वेडच लागलं. पण मासे आणण्याआधी जो तो वाटी घेऊन वहिनींच्या दारात. खडे मागायला. माईंनी नियम काढला: दिवेलागणीनंतर मिळणार नाही. तिन्हीसांजेला कुणी विरजण देतं का? पुण्याचे एक इंजिनिअर मोठा फिल्टर वगैरे घेऊन सज्ज होते. संध्याकाळी आले तर माईंनी त्यांनाही परत पाठवलं. गेले बिचारे.

माझी टाकीही त्याच मुठीतून सुरू झाली. पुढे माई गेल्या. भाऊजी रिटायर झाल्यावर वहिनी पुण्याला मुलाकडे गेल्या, त्यांची टाकी मोडली. माझी चालू आहे. टाक्या बदलल्या, मासे बदलले, खडे तेच.

आज संध्याकाळी बेल वाजली. दारात वहिनींची लेक तेजू. वापीला असते. तिने टाकी घेतलीय, कालच. हातात वाटी.

"काकू, आईकडून घ्यायचं राहूनच गेलं."

मागे देवापुढे दिवा लावलेला होता.

मी तिच्या हातातली वाटी घेऊन ओट्यावर पालथी घातली.

"आत्ता नाही देत. आज राहा इथेच. सकाळी घेऊन जा."

वहिनी, तुमचं तुमच्या घरी परत जातंय. निवांत असा.