शालिनी मिस आणि पुसलेली काच

शालिनी मिस गेल्याचा फोन त्यांच्या भाच्यानं केला तेव्हा मी भाकरी थापत होते. "आत्या शांतपणे गेली," तो म्हणाला. शांतपणे... मला रागच आला. ज्यांनी त्यांचं आयुष्य नासवलं ते हारतुरे घेत फिरतायत, आणि यांनी शांतपणे का जावं?

सत्तरच्या दशकात वाशीमच्या मिशन हायस्कुलात त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. पुस्तकातलं कमी, गुन्ह्यांच्या तपासाचं जास्त. कंदिलाची काजळी मऊ ब्रशनं काचेवर टेकवून बोटांचे ठसे उठवायचे आणि फळ्यावर त्यांचा तक्ता मांडायचा. "अंदाज घरी ठेवून या, इथं मोजायचं," म्हणायच्या. वर्गात एका मोठ्या घरचा मुलगा होता. नाव लिहीत नाही, वाशीमकर ओळखतीलच. तो एकदा ऐटीत म्हणाला, "माह्या अंगठ्यावर चक्र हाय. राजाच्याच हातावर राह्यते ते." मिसनी लगेच सगळ्या वर्गाचे अंगठे कागदावर घेतले, शंख किती, चक्रं किती, मोजायला लावलं. चक्रं घरोघरी निघाली. किन्हीराजा गावच्या बौद्ध मजुराची मी पोर, माझ्या तर दोन्ही अंगठ्यांवर. त्याच्या चक्रावर मात्र विळा लागल्याची आडवी रेघ होती. वर्ग खूप हसला, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेच्या कपाटातलं मोठं भिंग नाहीसं झालं. मिसनी आमच्यासमोर कपाटाच्या काचेवर काजळी टेकवली. अंगठा उठला... चक्र, आणि त्यावर आडवी रेघ. मी बोलून गेले, "मिस, हा तं त्याचाच हाय." तेवढ्यात हेडमास्तर आले. शाळेच्या मैदानाची जागा त्या मुलाच्या बापानं दिलेली. हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसून टाकली. "मिस, भिंग तुमच्या ताब्यात होतं," एवढंच म्हणाले. चोरीचा ठपका ठेवून मिसना काढलं. पुढे कुठल्याच शाळेनं त्यांना दारात उभं केलं नाही. शिवणकाम करून त्या जगल्या. चर्चमध्ये सगळे प्रार्थना म्हणत तेव्हा अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की त्या तोंड मिटून घेत. मी एकदा विचारलं, "मिस, तुमाले अजून राग येते?" म्हणाल्या, "येतो ना. मी तो जपून ठेवलाय."

गेल्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. तो चक्रवाला मुलगा आता शाळा समितीचा अध्यक्ष आहे. "आमच्या लाडक्या मिस" म्हणत त्यानं डोळे टिपले. मिसचा फोटो प्रयोगशाळेत लावायचं ठरलं. फ्रेम मीच करून आणली, काच नवीकोरी. म्हटलं, "भाऊ, तुमच्याच हातानं लावा." कॅमेऱ्याकडे बघत त्यानं फ्रेम टांगली, अंगठ्यानं दाबून सरळ केली. खिडकीच्या उजेडात मिसच्या हनुवटीशी ठसा चकाकला. शिपाई फडकं घेऊन पुढे आला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे बाबा. हे पुसाचं नाही."

भाऊनं वळून पाहिलं आणि अंगठा मुठीत दाबून धरला. ठसा अजून तिथंच आहे. मी अधूनमधून जाऊन बघून येते.