कारल्याच्या वेलाला धूप

आईच्या वर्षश्राद्धाला आईच्याच वेलाची कारली असावीत, एवढीच माझी इच्छा होती. बिया तिने पुडीत बांधून ठेवलेल्या. इकडे उत्तरेत, गंगाकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर, माकडं अडवायला लावलेल्या जाळीवर वेल चढला, श्रावणात फुलांनी पिवळा झाला, आणि एकही फळ धरेना.

कारण आमचे थोरले बंधू. आई असताना तिला वेळेवर गोळी द्यायला यांना सवड नव्हती. ती गेल्यावर श्राद्धापर्यंत रोज सकाळी धूप घालायचं व्रत मात्र घेतलं. वहिनीला धुराने ठसका लागतो, म्हणून व्रत गच्चीवर. तेही नेमकं कारल्याची फुलं उमलायच्या वेळी.

मी मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या वेलावर एक बारकी काळी माशी येते. गोत मधमाशीचं, पण पोळं नाही की राणी नाही. खिडकीच्या सडक्या चौकटीतल्या भोकात एकटी राहते. पिलांसाठी पराग न्यायचा तो कारल्याच्या कुळातलाच. शेजारी मोगरा फुलला तरी ती ढुंकून बघत नाही. जिने जन्मात फूल पाहिलेलं नाही, अशी भोकातून नुकती बाहेर पडलेली माशीसुद्धा वासाच्या मागावर बरोबर येते. त्या वासावर पसाभर गुग्गुळ जाळल्यावर तिने काय करावं? चौकटीपाशी घिरट्या घालायची आणि भलतीकडेच जायची.

मी दादाला हे समजावून सांगितलं.

"अगं, करेला तर भाजीच्या सट्टीत ढेर मिळतो," तो म्हणाला. "मक्खीसाठी आईचा धूप बंद करू?"

काडीने पराग लावून फळं मलाही धरवता आली असती. पण मग धूप जिंकला असता, आणि मला ते सहन झालं नसतं. दादा धूप पेटवून पंचगंगा घाटावर अंघोळीला गेला की मी देवघरातला गंगाजलाचा तांब्या न्यायचे आणि धुपाटण्यावर ओतायचे. ओले निखारे पन्हाळीत, धुपाटणं पुसून जागेवर. परत आल्यावर तो रिकामं धुपाटणं बघून गहिवरायचा, "सगळा धूप आईला पोचला!"

चौथ्या दिवशी माशी आली. श्राद्धापर्यंत सात कारली झाली.

भाजी मीच केली. गुरुजी पानावर बसले, आणि दादा हात जोडून सांगू लागला, "सब धूप का प्रताप, गुरुजी. वेल वांझ होता, आईने प्रसाद दिला. आता पितृपक्ष संपेपर्यंत दोन वेळा घालतो."

दोन वेळा. वेलावर अजून कळ्या होत्या.

"धूप मी विझवत होते, दादा," मी म्हणाले. "रोज. गंगाजलाने."

दादाचे जोडलेले हात खाली आले. आईची गोळी विसरल्यावर त्याचा चेहरा असा कधी झाला नव्हता. त्याने गुरुजींकडे पाहिलं, निदान त्यांनी तरी मला चार शब्द सुनवावेत म्हणून. गुरुजींनी पान माझ्याकडे सरकवलं आणि आणखी कारलं मागितलं.