जखम कवा झाली?

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी एकटाच चहा गाळत होतो. पलीकडून भाचा रडत होता. माझ्या तोंडून एवढंच निघालं, शेवटी दम फार लागला का रे? झोपेतच गेली, म्हणाला.

निलंग्यात अक्काचा आवाज गल्लीभर जायचा. महादेवाच्या देवळात सोमवारच्या भजनात तिनं सूर धरला की पेटीवाला तिच्या मागं धावायचा. मला, धाकट्या भावाला, तिनं कधी वाक्य पुरं करू दिलं नाही. मग कोरडा खोकला सुरू झाला, आणि भजनाची ओळ मध्येच तुटू लागली... लातूरला नेलं. डॉक्टरांनी स्कॅन पाहून 'फायब्रोसिस' म्हटलं. अक्कानं अर्थ विचारला. जखम भरल्यावर कातडी निबर होते ना, ते म्हणाले, तसे व्रण फुफ्फुसात झालेत; तो भाग आता फुगत नाही, पुन्हा मऊही होत नाही.

"पण जखम कवा झाली? मला तर कळलंच न्हाई."

बऱ्याचदा आम्हालाही कळत नाही, डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत औसा मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कुणाला सांगू नको. लोक गायला बोलवायचं बंद करतील." तरी पुढं तिचं तिनंच देवळात जाणं सोडलं.

आमचा फोन रोज संध्याकाळी व्हायचा. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली तशी तिची वाक्यं दोन-तीन शब्दांवर आली. एकदा म्हणाली, "तूच बोल. मी ऐकते." पत्नी गेल्यापासून मी घराबाहेर फारसा पडत नव्हतो, सांगणार काय? म्हणून बाहेर पडू लागलो. गोदावरीच्या घाटावर बसायचो, बाजारात शेवंताबाई भाजीवालीशी दोन शब्द बोलायचो, आणि ते सगळं अक्काला सांगायचो; शेवंताबाईलाही हे ठाऊक होतं. फोनमधून तिचा श्वास ऐकू येई, मधूनच होकाराचा एखादा "हाव".

तेराव्यानंतर बरेच दिवस दार लावून होतो. परवा घरात काहीच उरलं नाही म्हणून बाजारात गेलो. शेवंताबाईनं मेथी निवडता निवडता विचारलं, आज बहिणीला काय सांगणार?

मी सांगितलं... तिचे हात थांबले. ती सरकली आणि पोत्यावर माझ्यापुरती जागा केली.

मी बसलो. बाजार उठेपर्यंत बसलो.