अस्तराची फळी

कापडाच्या त्या दुकानात सगळ्यात जास्त लगबग कशासाठी व्हायची म्हणाल, तर अस्तरासाठी. रेशमाचं गिऱ्हाईक आलं तर काउंटरमागच्या बायका एकमेकींना "जा गं तू" म्हणायच्या. पण कुणी पांढरं अस्तर मागितलं, की तिघी-तिघी धावत सुटायच्या. मालकाला वाटायचं, काय गुणाच्या पोरी आहेत, स्वस्त मालासाठीसुद्धा किती तत्पर! त्याला बिचाऱ्याला कधी कळलंच नाही, की अस्तराचे तागे मुद्दाम सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेले होते. ते काढायचे तर खाली बसावं लागायचं, आणि दिवसभरात बसायला मिळायचं ते तेवढंच.

ही युक्ती खांबताईची. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच, दुकानात कुणी ते घेत नसे. उंच, सडसडीत, सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत उभी, म्हणून खांबताई. काउंटरमागे खुर्ची नव्हती. का नव्हती? तर कधीच नव्हती म्हणून! सगळ्या बाजाराची तीच रीत. गिऱ्हाईक आत येताना नोकर बसलेला दिसला, की म्हणे दुकानाची अब्रू जाते. आता बसलेल्या बाईने मोजलेलं कापड काय आखूड भरतं? पण विचारणार कोण.

मग पायांनी दगा दिला. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, रात्री पाय भिंतीला टेकवल्याशिवाय झोप येईना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "कामात मध्येमध्ये बसायला हवं. जमत नसेल तर नोकरी सोडा, नाहीतर पाय हातचे जातील."

नोकरी सोडून चालणार होतं थोडंच! घर तिच्या पगारावर उभं होतं. नवरा बस चालवून निवृत्त झालेला, कमरेला पट्टा बांधून खिडकीत बसायचा. तो म्हणाला, "मी जन्मभर बसून पाठ घालवली, तू उभी राहून पाय घालवलेस. आपली जोडी जमवणाऱ्याला दंडवत!"

ती हसली, पण दुसऱ्या दिवशी मालकाच्या गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एक स्टूल मागितलं.

"अहो ताई, बसायचंच असेल तर घरी बसा की," मालक म्हणाला. चिडून नाही, हसत म्हणाला, आणि तेच तिला जास्त लागलं. तिचा चेहरा बघून तो जरा वरमला. "मी एकट्याने खुर्च्या मांडल्या तर सगळा बाजार मला हसेल. सगळ्यांना सारखा नियम होऊ दे, मी पहिला मांडतो."

"शब्द देताय?"

"दिला."

नियम काही होत नाही, या भरवशावर दिलेला शब्द तो. पण खांबताईने तो गाठीला बांधला.

नियम करतं कोण, इथूनच सुरुवात होती. तिला वाटलं, सगळ्यात मोठ्या दारावर थाप मारावी. तिने थेट देशाच्या संसदेकडे अर्ज धाडला. बऱ्याच दिवसांनी सभ्य उत्तर आलं, की दुकानांत काम करणाऱ्यांचे नियम प्रत्येक प्रांताच्या विधानसभेच्या अखत्यारीत येतात, आपण तिकडे विचारावं. नवऱ्याने कागद वाचला आणि मांडीवर थाप मारली. "अगं, तू चुकीच्या डेपोत बसची वाट बघत होतीस!"

"हसा, हसा. बरोबर डेपो कुठाय ते सांगा आधी."

बरोबर डेपो जवळच निघाला. त्यांच्या भागाच्या आमदारबाई शनिवारी बेकरीच्या वरच्या खोलीत लोकांना भेटायच्या. खाली पाव भाजायचा वास, वर गळक्या नळांची आणि रस्त्यातल्या खड्ड्यांची गाऱ्हाणी. खांबताईचा नंबर आला तेव्हा बाई पेन ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आपल्याच विधानसभेच्या हातातलं आहे. माझ्या एकटीच्या बोलण्याने काही व्हायचं नाही. तुम्ही याचिका करा, सह्या गोळा करा. भरपूर सह्या आल्या तर याचिका समितीला ती वाचावी लागते. तिथे तुम्ही बोला, पुढे मी विधेयक मांडते. वेळ लागेल हं."

"वाट बघायची सवय आहे. उभ्याने बघतो आम्ही," खांबताई म्हणाली.

मग काय विचारता! औषधाच्या दुकानातल्या, चपलांच्या दुकानातल्या, भांड्यांच्या दुकानातल्या बायका आणि बाप्ये जेवणाच्या सुट्टीत सह्या घेत हिंडू लागले. गिऱ्हाइकं सह्या करायला लागली. एक म्हातारी तर म्हणाली, "तुम्हाला बसता येत नाही हे मला माहीतच नव्हतं गं. मला वाटायचं, तुम्हाला आवडतं उभं राहायला!" नवरा पट्टा आवळून बस डेपोत गेला आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या सह्या घेऊन आला. "बसणाऱ्यांचा उभ्यांना पाठिंबा," असं त्याने दारातूनच ओरडून सांगितलं.

आमदारबाईंनी विधेयकाचा मसुदाही करून ठेवला. एवढुसा होता. प्रत्येक दुकानात नोकरांसाठी खुर्ची ठेवावी, बस्स. खांबताईने वाचला, तिला तो झकास वाटला. आणखी काय हवं होतं!

समितीपुढे बोलायचा दिवस उजाडला. मोठी खोली, लांबलचक टेबल, पलीकडे समितीचे सदस्य, आणि अलीकडे तिच्यासाठी एक गुबगुबीत खुर्ची. अध्यक्ष म्हणाले, "बसा ताई."

"हो," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

"बसा ना."

ती बसली. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मधे टेबल, पलीकडे माणसं, सगळी तिच्याकडे बघताहेत. काय होतंय हे कळायच्या आत ती ताडकन उभी राहिली. तेव्हा कुठे शब्द आले. "माफ करा साहेब, मी उभ्यानेच सांगते."

व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलणारे एक सदस्य होते. ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, समोर खुर्ची असून तुम्हाला उभंच राहायचं असेल, तर हा सगळा खटाटोप कशासाठी?"

खोलीत हशा पिकला. मागच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. खांबताईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. एवढ्या लोकांच्या सह्या, एवढी पायपीट, आणि माझ्याच पायांनी घात केला! तिने खुर्चीकडे बघितलं. मग तिचं तिलाच काहीतरी उमगलं, आणि ती उमगलेलं तसंच बोलत गेली.

"साहेब, तुमचं खरं आहे. खुर्ची आहे आणि मी बसू शकले नाही. टेबलापलीकडे माणूस दिसला, की मला वाटतं, बसले तर आता कुणीतरी ओरडणार. नोकरीला लागले तेव्हा एकदा टेकले होते, तर सगळ्या दुकानासमोर बोलणी खाल्ली. ती भीती अजून अंगात आहे. मला आत्ताच कळतंय, नुसती खुर्ची ठेवून भागणार नाही. उद्या खुर्च्या येतील, त्यांच्यावर तागे रचून ठेवतील, आणि आम्ही शेजारी उभे! कायद्यात असं लिहा, की बसलं म्हणून कुणाला बोलायचं नाही, पगार कापायचा नाही, कामावरून काढायचं नाही."

कुणी हसलं नाही. ते व्यापारीवाले सदस्य खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "हे मात्र पटलं. पण लहान दुकानदारांना तयारीला मुदत द्या."

"द्या की," खांबताई म्हणाली. "आम्हाला भांडण नकोय, बूड टेकायला जागा हवी." आता मात्र अध्यक्षांसकट सगळे खळखळून हसले.

समितीने तिचं म्हणणं विधेयकात घातलं, लहान दुकानांना मुदतही दिली. पुढे सभागृहात चर्चा झाली. एकाने भाषणात शंका काढली, की आज खुर्ची मागतात, उद्या पलंग मागतील. आमदारबाईंनी त्याला बघून घेतलं.

मतदानाच्या दिवशी बाजारातली मंडळी प्रेक्षकांच्या गॅलरीत गेली. बोलणारा कोण ते दिसेना, म्हणून सगळ्या बायका सवयीने उभ्या राहिल्या. लगेच दारावरचा शिपाई धावत आला. "ओ ताई, गॅलरीत उभं राहायचं नाही! बसून घ्या, नियम आहे."

उभं राहिल्याबद्दल बोलणी खायची ही त्यांची पहिलीच वेळ. हसू दाबताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात सभागृहाच्या अध्यक्षांनी निकाल वाचला. विधेयक मंजूर! टाळ्या वाजवायला बंदी होती, म्हणून त्यांनी एकमेकींचे हात घट्ट आवळले, इतके घट्ट, की चपलांच्या दुकानातली "अगं मेले" म्हणून कळवळली. खांबताई रडत होती. बसून रडत होती.

विधेयकावर सही झाली, राजपत्रात छापून आलं, कायदा लागू झाला. त्या सकाळी दुकान उघडलं तर काउंटरमागे कोऱ्या खुर्च्या. मालकाने स्वतः पुसून मांडल्या होत्या. "शब्द दिला होता ना ताई. बाजारात पहिला आहे मी, बघून या हवं तर," तो छाती फुगवून म्हणाला.

खांबताईने आधी खुर्चीला हात लावला. मग ती खाली वाकली, अस्तराचे तागे एकेक करून बाहेर काढले आणि कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर रचले.

"हे काय? अस्तर तर कायम खाली असतं," मालक म्हणाला.

"आता खाली ठेवायची गरज नाही राहिली."

मालक आधी तिच्याकडे बघत राहिला, मग रिकाम्या फळीकडे, मग तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बाकीच्यांकडे. "म्हणजे इतकी वर्षं..." म्हणाला आणि मटकन गल्ल्यामागे बसला. मग तोही हसायला लागला, कपाळावर हात मारून मारून.

खांबताई खुर्चीत टेकते न टेकते तोच दार उघडलं. एक बाई आत आली, सरळ खांबताईपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पांढरं अस्तर आहे का हो?"

खांबताईचे पाय उठायला निघाले. तिने ते जमिनीवर घट्ट रोवले. कुणी ओरडलं नाही. तिने बसल्या जागेवरून हात लांब केला, ताग्याला धरलं, आणि आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आहे ना! किती मीटर देऊ?"